पावसात मापलेली पोस्ट

ऑगस्टचा दुसरा आठवडा. कोल्हापुरात सहा दिवस ऊन नव्हतं, दोरीवरचे कपडे वाळायचं नाव घेत नव्हते आणि पंचगंगेचं पाणी कुठवर आलं याशिवाय पेठेत दुसरा विषय नव्हता. अशा एका संध्याकाळी भाची रेनकोटाच्या आत व्हायोलिनची केस कवटाळून आमच्याकडे आली. केस उघडली, वाद्य दोन्ही हातांत धरलं आणि काही न बोलता हलवून दाखवलं. डबीत सुपारी गडगडावी तसं आत काहीतरी गडगडलं.

"मामा, आत काय तरी सुटलंय. बघा की."

घोडीखाली, म्हणजे तारा पेलणाऱ्या उभ्या लाकडी तुकड्याखाली, साचलेली रोझिनची (गजाला लावायच्या राळेची) पूड पुसायची म्हणून तिनं चारही तारा एकदम उतरवल्या होत्या. घोडी आडवी झाली, तारांची खालची टोकं धरणारा टेलपीस लोंबला, ते ठीक. घोडी पुन्हा उभी करता येते. पण पुसून झाल्यावर वाद्य उचललं तर हा आवाज.

मी वाद्यं दुरुस्त करणारा माणूस नव्हे. तीस वर्षं उद्यमनगरात फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने, केले. ओतलेलं लोखंड थंड होताना शंभराला एक या हिशेबानं आटतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा, हा आमचा पहिला धडा. लाकूड, पटाशी, कॅलिपर आणि मिलिमीटरचा दहावा भाग यांच्याशी माझा व्यवहार जुना आहे. त्या जोरावर मी हे काम घेतलं आणि त्याच जोरावर एक चूकही केली. ऑगस्ट ते पुढचा ऑगस्ट, अशी एका वाद्याच्या एका वर्षाची ही नोंद आहे.

पोटातला खांब

गडगडत होती ती साउंड पोस्ट. स्प्रूसच्या लाकडाची गोल काडी, जाडी सुमारे ६ मिलिमीटर, उंची पाच सेंटिमीटरच्या थोडी वर. व्हायोलिनची वरची फळी आणि मागची फळी यांच्यामध्ये ती उभी असते. खिळा नाही, गोंद नाही. तारा चढल्या की त्यांचा ताण घोडीमार्फत वरच्या फळीवर येतो आणि पोस्ट दोन फळ्यांमध्ये धरली जाते. इटालियन भाषेत तिला 'आनिमा' आणि फ्रेंचमध्ये 'आम' म्हणतात. दोन्हींचा अर्थ आत्मा. भाचीला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "मग माझ्या व्हायोलिनचा आत्मा केसमध्ये हिंडालाय." कोल्हापूरची पोरगी, तिला काय सांगणार.

वरच्या फळीला आधार देणं एवढंच पोस्टचं काम असतं, तर ती कुठंही उभी केली तरी भागलं असतं. ती बारीक तारेच्या बाजूच्या घोडीच्या पायामागे असते, त्यामुळे घोडीचा तो पाय जवळपास जागेवर धरला जातो. गज फिरला की घोडी त्या पायावर झुलते आणि जाड तारेकडचा दुसरा पाय फळीला खालीवर हलवतो. त्या दुसऱ्या पायाखाली, फळीला आतून चिकटवलेली, वाद्याच्या लांबीत जाणारी एक पट्टी असते, ती बेसबार. पायाची हालचाल ती फळीभर पसरवते. पोस्ट पाव मिलिमीटर सरकली तरी आवाज बदलतो, त्याचं कारण या झुल्यात आहे.

चार तारांचा मिळून ताण साधारण २२ ते २५ किलो, आणि त्यातला तिसऱ्या हिश्श्याहून थोडा जास्त भार घोडीतून खाली फळीवर. मात्र हा हिशेब पाश्चात्त्य सुरांत लावलेल्या वाद्याचा. भाची हिंदुस्थानी पद्धतीनं शिकते. तिचे सर जाड तारेकडून बारीक तारेकडे प-सा-प-सा लावतात, षड्ज काळी एक, म्हणजे हार्मोनियमची पहिली काळी पट्टी. म्हणजे सगळ्यात बारीक तार जिथं पाश्चात्त्य 'ई' सुराला असायची तिथून तीन अर्धस्वर खाली येते. ताण हा कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, त्यामुळे त्या एका तारेचा ताण जवळजवळ ३० टक्क्यांनी उतरतो. मधल्या दोन तारांचा ११ टक्क्यांनी. जाड तार उलट अर्धा स्वर वर जाते, तिचा १२ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे पोस्ट ज्या बाजूला उभी आहे नेमक्या त्याच बाजूचं ओझं कमी. कारखान्यात कशीबशी उभी केलेली पोस्ट आपल्याकडे सैल का भासते, याचं अर्धं उत्तर मला या गणितात मिळालं. उरलेलं अर्धं मिळायला फेब्रुवारी उजाडला.

पाहणी

पहिल्या रात्री मी फक्त पाहिलं. पोस्ट आडवी असताना तारा चढवायच्या नाहीत, हे तेवढं पक्कं ठाऊक होतं. आधार नसलेल्या फळीवर ताण दिला तर ती घोडीखाली दबते आणि चिरते, आणि पोस्टच्या जागी फळी चिरली तर घरचं काम तिथंच संपतं. ती दुरुस्ती फळी उघडून आतून ठिगळ बसवण्याची असते.

टेलपीस ज्या बटणाला अडकतो ते खालचं बटण ओढून काढलं की तिथं एक भोक मोकळं होतं. त्यातून आत बघता येतं. मी त्यात फोनला जोडायचा बारीक एंडोस्कोप घातला, साडेपाच मिलिमीटरचा, गाडीच्या गॅरेजमध्ये वापरतात तसला. ज्यांच्याकडे तो नसेल त्यांना दातांच्या डॉक्टरांचा आरसा आणि एफ-होलमधून, म्हणजे वरच्या फळीतल्या इंग्रजी 'एफ'च्या आकाराच्या भोकातून, सोडलेला छोटा दिवा पुरतो. आतलं दृश्य मला फार आवडलं. मोठ्या वाड्याच्या माळ्यावर उभं राहिल्यासारखं वाटतं, दोन्ही बाजूंनी एफ-होलमधून उजेड येतोय आणि मधोमध बेसबारची तुळई. बेसबारच्या दोन्ही टोकांशी फट नव्हती. मग वाद्याच्या कडेकडेनं बोटाच्या पेरानं टकटक करत गेलो. सांधा धड असेल तिथं आवाज भरीव येतो, सुटला असेल तिथं फुटक्या मडक्यासारखा. सगळीकडे भरीव होता. वाद्य चिनी बनावटीचं, फार महागाचं नाही, पण पेटीचं काम नेटकं होतं.

पडलेली पोस्ट एफ-होलमधून बाहेर काढली. लांबी ५१.३ मिलिमीटर, दोन्ही टोकं करवतीनं सरळ कापलेली. फळ्या आतून वाटीसारख्या वळलेल्या असतात. सपाट टोकाची काडी वाटीत उभी केली तर ती एका कडेवर टेकते. लाकूड ओळखणाऱ्या माणसाला हे बघून राग येतो. मलाही आला, आणि त्या रागात मी बाकीचे प्रश्न विचारायचे विसरलो.

ताई म्हणाली, मिरजेला नेऊन दाखव. मिरज आमच्यापासून पन्नासेक किलोमीटर. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. गेलो. एका वयस्क कारागिरांनी वाद्य हातात घेऊन, फिरवून बघितलं आणि सरळ सांगितलं की हे काम आमचं नव्हे, भोपळा असता तर बोललो असतो. मला त्यांचं हे फार पटलं. घोडी घासून तारेची जवारी (झणकार) काढणारा हात आणि बंद पेटीत एफ-होलमधून सळी घालून खांब उभा करणारा हात वेगळा. पुण्या-मुंबईला पाठवायचं तर दोन-तीन आठवडे जाणार आणि नोव्हेंबर-डिसेंबरच्या सत्रात तिची गांधर्वची परीक्षा. तेव्हा ठरलं, मीच करतो.

पहिली पोस्ट

पोस्ट उभी करायला इंग्रजी 'एस' अक्षरासारखी वळवलेली सळी लागते. एक टोक अणकुचीदार, ते पोस्टमध्ये टोचून तिला आत न्यायची. दुसऱ्या टोकाला खाचा, त्यांनी तिला ढकलायची-ओढायची. विकत मिळते, पण उद्यमनगरात राहून सळी विकत घ्यायची म्हणजे शरमेची गोष्ट. चार मिलिमीटरची सळी लाल करून चपटी ठोकली, वळवली, धारा घासून गोल केल्या आणि मधल्या भागाला चिकटपट्टी गुंडाळली. ही शेवटची गोष्ट महत्त्वाची. एफ-होलच्या कडा मऊ स्प्रूसच्या असतात, लोखंड घासलं की पांढऱ्या पडतात आणि ते व्रण कायम राहतात. ज्या जुन्या व्हायोलिनच्या एफ-होलला दातरे दिसतात, तिथं कुणीतरी सळीशी झटापट केलेली असते.

जुनी पोस्ट आधी आहे तशी उभी करून बघितली. तीनदा उभी राहिली, तीनदा पडली. तारांशिवाय नुसत्या घर्षणावर पोस्ट उभी राहिली पाहिजे, ही तिच्या लांबीची पहिली परीक्षा. कॅमेऱ्यात वर स्पष्ट फट दिसत होती. निष्कर्ष उघड वाटला: कारखान्यानं पोस्ट आखूड कापली.

नवी करायची तर लाकूड कुठलं? उद्यमनगरात परदेशी मशिन्सच्या खोक्यांचं पाइन पडलेलं असतं. त्यातलं एक फळकूट तासून बघितलं. वर्षाच्या रेषा इतक्या लांब लांब, की ६ मिलिमीटरच्या जाडीत दोनच मावल्या, आणि राळेचा वास. ते लगेच टाकून दिलं आणि मुंबईहून स्प्रूसच्या तयार काड्या मागवल्या. त्यात बारीक, सरळ, सात-आठ रेषा होत्या. चांगली काडी करवतीनं नव्हे तर लाकूड फोडून काढलेली असते, म्हणजे लाकडाचा धागा या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड जातो.

आतली उंची मोजायला मी जाड पुठ्ठ्याची पट्टी एफ-होलमधून सरळ खाली मागच्या फळीपर्यंत सोडली आणि वरच्या फळीच्या पृष्ठभागाशी खूण केली. त्यातून फळीची जाडी वजा केली, आणि एफ-होलपासून मध्याकडे फळी किंचित चढते म्हणून थोडी वाढ धरली. उत्तर आलं ५२च्या आसपास. या मापावर विश्वास ठेवायचा नसतो, ते फक्त कापणीची सुरुवात कुठून करायची ते सांगतं. अर्धा-पाऊण मिलिमीटर जास्त ठेवून कापायचं आणि मग घालायचं, बघायचं, काढायचं, पटाशीनं एक पापुद्रा घ्यायचा, पुन्हा घालायचं.

हे मी त्या आठवड्यात किती वेळा केलं ते मोजलं नाही. रात्री जेवण झाल्यावर बसायचो, बाहेर पाऊस. पटाशीची धार केस कापेल इतकी हवी, कारण आडव्या धाग्यात बोथट पटाशी लाकूड चुरडते. सँडपेपर टोकाला अजिबात लावायचा नाही, त्यानं कडा गोल होतात आणि मग सपाट टोकाइतकाच वाईट टेकू मिळतो. वरच्या टोकाचा उतार वेगळा, खालच्याचा वेगळा. वरची फळी बाहेरच्या कडेकडे उतरत जाते म्हणून पोस्टची मध्याकडची बाजू थोडी लांब, एफ-होलकडची थोडी आखूड. कुठली बाजू कुठे ते चुकू नये म्हणून बाहेरच्या अंगाला पेन्सिलची रेघ. आणि पोस्टच्या रेषा वरच्या फळीच्या रेषांना काटकोनात हव्यात. समांतर राहिल्या तर पोस्टची कठीण रेष फळीच्या मऊ भागात रुतत जाते.

चौथ्या रात्री कॅमेऱ्यात दोन्ही टोकांशी उजेडाची रेघ दिसायची थांबली. लांब बाजूला ५१.९. तारांशिवाय ती उभी राहिली, आणि टेबलावर हलका हात आपटला तरी हलली नाही. मी खूश. पॅटर्नमेकरची खोड आहे ती, फट दिसली की भरून काढायची.

जागा अशी ठेवली: घोडीच्या पायाच्या मागच्या कडेपासून पोस्टच्या पुढच्या अंगापर्यंत अडीच मिलिमीटर, आणि पोस्टची बाहेरची बाजू पायाच्या बाहेरच्या कडेपासून एक मिलिमीटर आत. घोडी एफ-होलच्या आतल्या दोन खाचांच्या रेषेत. ती फळीच्या वरच्या कडेपासून १९५ मिलिमीटरवर येते, ते ताडून बघितलं. बटण घातलं, टेलपीस अडकवला, आणि तारा थोड्या थोड्या करून आलटूनपालटून चढवल्या. तार ओढली जाते तशी घोडीचं डोकं खुंट्यांकडे झुकतं. दर थोड्या वेळानं दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ते मागे घ्यावं लागतं, नाहीतर घोडी वाकडीच वाळते.

भाचीनं यमनचे चार आलाप वाजवले. आवाज मोकळा, ठसठशीत. "जगात भारी," ती म्हणाली. परीक्षाही त्याच वाद्यावर झाली. मी सळी टांगून ठेवली.

फेब्रुवारी

फेब्रुवारीच्या शेवटी फोन आला. "मामा, आवाज चिरका व्हालाय. जाड पंचमात दमच नाही. गज घातला की उशिरा बोलतंय."

मला वाटलं तारा जुन्या झाल्या. वाद्य आणलं तेव्हा आधी खिडकीशी तिरकं धरून बघितलं आणि पोटात गोळा आला. बारीक तारेकडच्या एफ-होलच्या आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा वर उचलली होती. स्टीलची पट्टी आडवी ठेवली तर घोडीमागे, पोस्टच्या बरोबर डोक्यावर, फळीला उंचवटा. शिवाय खालच्या रुंद भागात उजव्या कडेला टकटक केल्यावर फुटकं मडकं: चार सेंटिमीटर सांधा सुटला होता.

घरात तापमान-आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ आहे. त्यावर ३६ टक्के होतं. ऑगस्टमध्ये पोस्ट बसवताना मी वहीत सगळी मापं लिहिली होती, पण हवा लिहिली नव्हती. ती फोनमधल्या फोटोत निघाली, कारण घड्याळ मागे भिंतीवर होतं: ८८.

पुढचं माझ्या धंद्यातलं होतं आणि तेच मला सुचलं नव्हतं. लाकूड धाग्याच्या लांबीत जवळजवळ हलत नाही, धाग्याच्या आडवं मात्र फुगतं आणि आटतं. पोस्टचा धागा उभा, त्यामुळे पावसात आणि उन्हाळ्यात तिच्या लांबीत केसाइतकाही फरक नाही. पण वाद्याच्या बाजूच्या पट्ट्यांचा धागा वाद्याभोवती फिरतो, म्हणजे त्यांची ३० मिलिमीटरची उंची धाग्याच्या आडवी आहे. ती पावसात फुगते. वरची फळीही आडवी फुगते. तिच्या कडा पट्ट्यांना चिकटलेल्या, पसरायला जागा नाही, म्हणून ती कमानीत वर चढते. कोरड्या हवेत दोन्ही खाली येतात. पेटीचं पोट अर्धा मिलिमीटर सहज खालीवर होतं आणि आतला खांब तेवढाच राहतो. मी तो खांब वर्षातल्या सगळ्यात फुगलेल्या दिवसात, एकही फट न ठेवता, मापून बसवला होता. लोखंडाच्या आटण्याचा हिशेब तीस वर्षं केला, आणि लाकडाच्या आटण्याचा विसरलो.

तारा उतरवल्या तरी पोस्ट हलेना. सळीनं जोर लावायचा मोह आवरला. अशा वेळी वरचं टोक फळीचा तुकडा घेऊन सुटू शकतं. त्याऐवजी साबणाच्या जाळीदार डबीत ओला करून पिळलेला स्पंज ठेवला, डबी केसमध्ये वाद्यापासून लांबच्या कोपऱ्यात, केस बंद. दुसऱ्या दिवशी आत ५५ टक्के झाले होते. पोस्टचं खालचं टोक सळीनं हलकेच ओढलं आणि ती सुटली. फळीच्या आतल्या अंगाला तिची वाटोळी खूण उमटली होती, उथळ. चीर नव्हती. चीर पडली नाही ती सुटलेल्या सांध्यामुळे. वरची फळी पातळ सरसानं मुद्दाम बेतानं चिकटवतात ती याचसाठी, की ताण अनावर झाला तर आधी सांधा सुटावा, लाकूड फाटू नये.

मग एक गंमत केली. ड्रॉवरमधून कारखान्याची ती जुनी, 'आखूड' पोस्ट काढली. स्पंज काढून, वाद्य दोन दिवस खोलीच्या हवेत वाळू देऊन ती आत उभी केली. पहिल्या झटक्यात उभी राहिली. घट्ट. ज्या कोरड्या खोलीत कुणीतरी ती कापली असेल तिथं ती बरोबर होती. टोकं सपाट होती हे खरं, त्याबद्दल मी त्या माणसाला माफ केलेलं नाही, पण लांबीबद्दलचा शब्द मागे घेतला.

सांध्याचं काम सरसाचं. सुताराच्या दुकानात फेविकॉल मागायची सवय झालीय, आणि बाकी कामांना तो उत्तम, पण व्हायोलिनचा सांधा पुढे कधीतरी उघडावा लागतोच. सरस कोमट पाण्यानं आणि पातळ सुरीनं सुटतो. आमच्या फाउंड्रीत जुने मिस्त्री पॅटर्नला सरसच वापरायचे, त्यामुळे वासाची ओळख होती. दाणे थंड पाण्यात तीन-चार तास फुगवले, मग भांड्यात भांडं ठेवून ६० अंशांपर्यंत गरम केले. उकळला की सरसाची ताकद जाते. ब्रशवरून अखंड तार पडेल इतका पातळ हवा. सांध्यातला जुना सरस कोमट पाण्याच्या ब्रशनं पुसला, पातळ सुरीनं नवा आत सोडला आणि लाकडी चकत्या, बूच आणि लांब बोल्ट यांचे घरी केलेले क्लॅम्प लावले. नुसता हात घट्ट होईल एवढंच आवळायचं. एक दिवस तसंच ठेवलं.

नवी पोस्ट आधी कापली नाही. ती जुनीच पोस्ट, टोकं तासून नीट जुळवून, तात्पुरती ठेवली आणि तारा अर्ध्या स्वरानं उतरवून भाचीला दिलं. टोकं जुळवताना ती आणखी तीन दशांशानं आखूड झाली, पण उन्हाळ्यापुरती चालली. खरी पोस्ट एप्रिलमध्ये दोन वळीव पडून गेल्यावर, घड्याळ ६० दाखवत असताना केली. लांब बाजूला ५१.६. बसताना ती घट्ट वाटता कामा नये, एवढंच ध्यानात ठेवलं. तारांशिवाय उभी राहते, पण सळीच्या एका बोटाएवढ्या दाबानं सरकते.

जागा बदलण्याचे प्रयोग दोन रविवार केले. पोस्ट घोडीजवळ नेली की आवाज टोकदार होतो, लांब नेली की मऊ आणि थोडा विस्कळीत. भाचीला गायकी अंग हवं. व्हायोलिनवादक डी. के. दातारांची ध्वनिमुद्रणं ऐकून ऐकून तिच्या कानात तो गोल, गळ्यातून आल्यासारखा षड्ज बसलाय. त्यामुळे अडीचऐवजी तीन मिलिमीटरवर थांबलो. दर वेळी पाव मिलिमीटरपेक्षा जास्त हलवलं नाही, आणि दोन बदलांमध्ये चहा. कान सरावतो, मग सगळंच छान वाटायला लागतं. तिच्या सरांनी डोळे मिटून ऐकून जाड पंचमाबद्दल मान हलवली. बारीक षड्ज अजून थोडा दबका आहे म्हणाले. तो तारेचा गुण असावा, कारण ती तार मुळात 'ई'साठी ओढलेली आहे आणि आपण ती तीन अर्धस्वर खाली वाजवतो. पुढच्या वेळी तिथं जाड तार लावून बघायचं ठरलंय.

जूनच्या शेवटी पाऊस लागला. जुलैत घड्याळ ८४वर गेलं आणि बारीक तार अपेक्षेप्रमाणे पोकळ बोलायला लागली. पोस्ट काढली नाही. तारा थोड्या सैल करून तिचं वरचं टोक पाव मिलिमीटर एफ-होलकडे सरकवलं. तिकडे फळी उतरती, म्हणून तीच पोस्ट तिथं जरा घट्ट बसते. दिवाळीनंतर परत आत आणायची. किती सरकवलं त्याचा हिशेब राहावा म्हणून घोडीच्या पायाचा आकार कापलेलं एक जाड कार्ड केसच्या झाकणात आहे, त्यावर दोन रेघा: एकीवर 'पाऊस', दुसरीवर 'ऊन'.

परवा, ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, ती पुन्हा आली. नव्या तारा घेऊन. माझ्यासमोर बसून एक तार काढली, एक चढवली, सुरात आणली, घोडी मागे घेतली, मग दुसरीला हात घातला. चौथी तार चढेपर्यंत बाहेर अंधार झाला होता. रियाजाच्या वहीत तारखेपुढे तिनं 'नवीन तारा' लिहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि कंसात ८६ टाकलं.